मशीनला लिंबू, आजोबांना चुना

आमच्या आयसीयूत किडनीचं नवं मशीन आलं तेव्हा मला नर्सची नोकरी लागून दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. साधं डायलिसिस खालच्या मजल्यावर आधीपासून व्हायचं. ते चार तासांत काम उरकतं. हे नवं मशीन संथ चालीचं. ज्या पेशंटचं ब्लडप्रेशर इतकं पडलेलं असतं की चार तासांची घाई त्याला सोसत नाही, त्याचं रक्त हे दिवसभर, दिवसेंदिवस, थोडं थोडं बाहेर काढतं, गाळतं आणि परत अंगात सोडतं. कंपनीचा माणूस दोन दिवस येऊन शिकवून गेला. मी वहीत सगळं उतरवून घेतलं, बटणांची चित्रंसुद्धा काढली. तो गेला, मशीनवर कव्हर चढलं, आणि पुढचे पंधरा दिवस इन्चार्ज सिस्टर त्याच्यावर आपला स्वेटर ठेवत होत्या.

मग एका सकाळी आजोबा आले.

आजोबा लासूर स्टेशनकडचे, मेंढरं राखणारे. वय विचारलं तर म्हणाले, "लिवा तुमच्या मनानं." मी पासष्ट लिहिलं. मेंढरांसाठी पाला तोडताना डाव्या पायाला घोणस चावली होती. तिकडच्या दवाखान्यात सापाच्या विषावरचं औषध वेळेत मिळालं म्हणून जीव राहिला, पण दोन दिवसांत लघवी बंद पडली. पाय गुडघ्यापर्यंत सुजून टम्म, हिरड्यांतून रक्त पाझरतंय, ब्लडप्रेशर औषधाच्या आधारानं कसंबसं उभं. एवढं असून आजोबा शुद्धीवर होते आणि बोलत होते. आयसीयूत आम्हाला बोलणाऱ्या पेशंटची सवय नसते. बाकीच्या खाटांवर सगळे नळ्या लावून गप्प, आणि चार नंबरवर हे.

"साप कुणी मारला का?" मी हिस्ट्री लिहिताना विचारलं.

"मारायचा कशाला? चूक माझी व्हती. म्या तिच्या अंगावर पाय दिला. तिच्या जागी मी असतो तर मी बी चावलो असतो."

मी ते वाक्य केसपेपरवर लिहिलं नाही, पण लिहावंसं वाटलं होतं.

किडनीच्या मॅडम राउंडला आल्या. मॅडम उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, पण चालायच्या अशा की मागची पलटण पळत यायची. त्यांनी रिपोर्ट बघितले, आजोबांचा पाय बघितला आणि म्हणाल्या, "स्वेटर उचला. मशीन काढा."

औषधांसाठी आजोबांच्या गळ्यात एक बारीक नळी होतीच, आता उजव्या जांघेत जाड नळी बसवली. त्या नळीतून रक्त मशीनमध्ये जायचं, तिथून फिल्टरमध्ये. फिल्टर म्हणजे एक पारदर्शक नळकांडं. त्यात केसासारख्या बारीक हजारो पोकळ काड्या असतात, आणि त्यांतून रक्त वाहतं. आता गंमत अशी की रक्ताला शरीराबाहेर पडलं की एकच कळतं: गोठायचं. ते गोठू नये म्हणून एरवी हेपॅरिन नावाचं औषध देतात. पण त्यानं अंगातलंसुद्धा रक्त गोठायचं थांबतं. ज्याच्या हिरड्या आधीच गळताहेत, त्याला ते देऊन कसं चालेल? मॅडम म्हणाल्या, "आज काही न देता चालवून बघू. मधूनमधून सलाईननं धुवायचं. नजर ठेव."

मी नजर ठेवली. स्टूल ओढून मशीनसमोरच बसले. तरी ते दर दहा मिनिटांनी बोंबलायचं. पिवळा दिवा, टींटींटीं, आणि पडद्यावर लिहून यायचं की रक्त येत नाही. मी नळी तपासायची, बटण दाबायची, परत चालू. पुन्हा टींटींटीं. पाचव्यांदा माझ्या लक्षात आलं की दर वेळी पांघरुणाखाली एक डोंगर उभा असतो. आजोबांचा उजवा गुडघा! डावा पाय सुजलेला, हलत नव्हता. म्हणून उजवा जवळ ओढून घ्यायचे. जांघेत वळण पडलं की नळी दुमडायची, रक्त थांबायचं. आणि थांबलेलं रक्त काय करतं ते वर सांगितलंच.

"आजोबा, पाय सरळ ठेवा."

"ठिवला."

दोन मिनिटांनी डोंगर परत.

"आजोबा!"

"पोरी, जन्मभर उकिडवं बसलोय. पायाला सांगतो मी, पर त्यो ऐकत नाय."

दुपारी दोनच्या सुमाराला फिल्टरमधल्या काड्या एकेक काळ्या पडायला लागल्या. दाब चढत गेला. मॅडम धावत आल्या, बघून म्हणाल्या, "गेला." आतलं रक्त परत देण्यासारखं राहिलं नव्हतं. चहाचे दीड-दोन कप भरतील एवढं आजोबांचं रक्त त्या नळकांड्यात आणि नळ्यांत जाम होऊन बसलं होतं. आधीच रक्त कमी असलेल्या माणसाचं. फिल्टर दोन-तीन दिवस चालायला हवा होता, तो सहा ताससुद्धा टिकला नाही. मी ते सगळं सोडवून लाल पिशवीत घातलं, सामानाच्या खोलीत गेले आणि सलाईनच्या खोक्यावर बसून रडले. इन्चार्ज सिस्टर आत आल्या, मला बघितलं, कापूस घेतला आणि जाताना म्हणाल्या, "रडून झालं की त्या खोक्यावरून ऊठ. त्यातल्या बाटल्या लागणार आहेत."

चार वाजता भेटायच्या वेळी आजोबांची बायको आत आली. बारीक चणीची, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण. आजी म्हणायचं तर म्हणायचं, पण चाल आमच्यापेक्षा तडक. नवऱ्याकडं आधी न बघता तिनं मशीन बघितलं, मग मला विचारलं, "सकाळी चालू व्हतं म्हनं. आता बंद का?"

मॅडम तिथंच होत्या. त्यांनी तिला समजावलं की रक्त मशीनमध्ये गोठलं.

"मग गोठनारच की," आजी म्हणाली. "आमी बोकडाचं रगत ताटात धरतो. हात धुवून येस्तोवर दह्यावानी बसतंय. मग त्याच्या वड्या पाडायच्या, कांद्यात परतायच्या."

बाजूला उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरनं तोंड वाकडं केलं. मॅडमनी मात्र खुर्ची ओढली. "आणि बसू द्यायचं नसेल तर?"

"तर हलवत ऱ्हायचं. काडीनं. मग काडीला दोरं दोरं चिकटत्यात, आन खाली पातळ ऱ्हातंय."

"बरोब्बर," मॅडम म्हणाल्या. "एकदम बरोबर. आम्हाला हे शिकायला लई वर्षं लागली. मशीन तेच करतंय, रक्त फिरतं ठेवतंय. पण तुमचे मालक पाय वर घेतात आणि ते थांबतं."

आजी खाटेजवळ गेली. आता नवऱ्याकडं बघितलं. "काय वो, पाय का हलवता?"

"म्या नाय हलवत. त्यो हलतो."

आजीनं इकडंतिकडं बघितलं, शेजारच्या टेबलावरची जादा चादर उचलली, तिची घट्ट गुंडाळी केली आणि नवऱ्याच्या उजव्या नडगीवर आडवी ठेवली. "हे कोकरू हाय. आत्ताच डोळा लागलाय त्याचा. उठवायचं नाय."

आजोबा हसले. मी पण हसले, पण मनात म्हणलं, हे काय टिकणार. आणि तुम्हाला सांगते, त्यानंतर तो गुडघा वर आला नाही. झोपेतसुद्धा नाही. पांघरूण बदलताना मी गुंडाळी उचलली तर आजोबा दबक्या आवाजात म्हणायचे, "हळू, हळू." त्यांची बुद्धी ठिकाणावर होती, चादर ही चादरच आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण पायाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी नवीन बेत मांडला. फिल्टर दुसरा लावायचा आणि या वेळी सायट्रेट द्यायचं. हे औषध फक्त मशीनमधल्या रक्ताला गोठू देत नाही, अंगातल्या रक्ताचं काम चालू राहतं. वहीत त्याची चार पानं होती आणि ती चारही पानं मला कळलेली नव्हती. मॅडमनी माझा चेहरा ओळखला.

"तुमच्या घरी काय पिकतं गं?"

"मोसंबी. पाचोडला."

"मग घाबरतेस काय? लिंबामोसंबीत जो आंबटपणा असतो, त्याच जातीचं हे. आता ऐक. रक्ताला गोठायला चुना लागतो. कॅल्शियम गं, पण चुनाच म्हण. रक्त अंगातून बाहेर आलं की लगेच त्यात हे लिंबू मिसळायचं. लिंबू चुन्याला धरून ठेवतं. चुना हाती नाही म्हटल्यावर रक्त गोठणार कसं? मग ते फिल्टरमधून आरामात जातं. पण अंगाला चुना हवाच, हृदयालासुद्धा हवा. म्हणून तेवढा चुना आपण गळ्यातल्या नळीनं वेगळा परत द्यायचा. थोडक्यात, मशीनला लिंबू आणि आजोबांना चुना."

खाटेवरून आवाज आला. "मला चुना लावायचा म्हनता व्हय?"

सगळी पलटण हसली. मॅडम म्हणाल्या, "लावायचा नाही आजोबा, द्यायचा."

"द्या की मग. जरा तंबाखू बी द्या त्याच्यासंगं."

तंबाखू मिळाली नाही. दिवसातून तीनदा मागूनही मिळाली नाही.

मशीन सुरू झालं. ठरल्या वेळी दोन ठिकाणचं रक्त तपासायचं: एक फिल्टरमधून बाहेर पडलेलं, एक आजोबांच्या अंगातलं. फिल्टरमधल्या रक्तात चुना कमी हवा, आजोबांच्या रक्तात पुरेसा. दोन आकडे, दोन औषधं, आणि ते आकडे बघून दोन्हींचा वेग वरखाली करायचा. मी सकाळपासून इतक्या वेळा आकडे बघितले की डोळे मिटले तरी तेच दिसायचे. पण काड्या लालच राहिल्या. दुपारचे दोन वाजले, लाल. संध्याकाळी ड्यूटी संपली तरी लाल. स्कूटीवरून हर्सूलला खोलीवर जाताना मी सिग्नलला थांबून चक्क गुणगुणत होते.

त्या आनंदात मी अण्णांना, माझ्या वडिलांना, फोन केला आणि मोसंबीचं सांगितलं. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे आपल्या मोसंबीनं मानूस वाचतोय?"

"अण्णा, आपल्या मोसंबीनं नाही. तशातल्या औषधानं."

"तेच ते," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दवाखान्याच्या दारात पाचोडच्या जीपमधून एक पोतं उतरलं. वर चिठ्ठी: आयसीयू, किडनीचं मशीन. वॉचमननं ते इमानेइतबारे वर आणून दिलं. इन्चार्ज सिस्टर पोत्याकडं बघत राहिल्या. मी मान खाली घालून खुलासा केला. गंमत म्हणजे, ज्याची किडनी बंद पडलीय त्याला मोसंबीची फोडसुद्धा चालत नाही, त्यातल्या पोटॅशियमनं हृदयाला धोका होतो. म्हणजे ज्याच्यासाठी मोसंबी आली, तेवढा एक माणूस सोडून बाकी सगळ्यांनी खाल्ली. मॅडमनी चार नेल्या. आजोबांनी नुसता वास घेतला. "गोड हाय," म्हणाले. "सालीवरनं कळतं."

आणि त्याच दिवशी, त्याच पोत्याच्या धांदलीत, माझ्या हातून चूक झाली.

चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या पंपातली सिरिंज संपली होती. मी नवीन भरली, बसवली, पंप चालू केला. सिरिंज बदलताना नळीवरचा छोटा नळ बंद करावा लागतो. तो परत उघडायचा असतो. तेवढ्यात वॉचमननं विचारलं, "सिस्टर, पोतं कुठं ठेवू?" मी वळले. नळ तसाच राहिला. पंप बंद नळावर जोर लावत होता. थोड्या वेळानं तो ओरडलाच असता, पण अजून ओरडला नव्हता. इकडं मशीन इमानानं लिंबू देत होतं, आणि चुना कुठंच पोचत नव्हता.

मी परत खाटेजवळ आले तर आजोबा जीभ ओठांवरून फिरवत होते.

"पोरी, तोंडाला मुंग्या आल्यात."

"किती वेळ झाला?"

"आत्ताच. ओठाला आन बोटाला. तंबाखू जास्ती झाल्यावानी वाटतंय, आन तू तर दिली बी नाय."

शेजारच्या खाटेची सिस्टर म्हणाली, विषाचा असर असेल. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण वहीतली एक ओळ डोळ्यांपुढं आली, ती मी लाल पेनानं लिहिली होती: कॅल्शियम उतरलं की पहिल्यांदा ओठांना मुंग्या. माझा हात आपोआप नळीवरून सरकत गेला आणि त्या आडव्या नळावर थांबला. नळ उघडला, ओरडून मॅडमना बोलवायला सांगितलं, रक्त तपासायला पाठवलं. कॅल्शियम उतरलेलंच होतं. मॅडम आल्या, त्यांनी औषधाचा जादा डोस हळूहळू दिला, मॉनिटरवरची रेघ बघत उभ्या राहिल्या. दहा-पंधरा मिनिटांत आजोबा म्हणाले, "गेल्या मुंग्या."

"नळ कुणाकडून राहिला?" मॅडमनी विचारलं.

"माझ्याकडून," मी म्हणलं. दुसरं काय म्हणणार होते? मोसंबीवर ढकलणार होते का?

मॅडम बोलायच्या आत आजोबाच बोलले. "चुना इसरली व्हय पोरी? आमच्यात बी व्हतं तसं. घरनं निघताना डबी राहते."

मॅडमचा चेहरा सैल झाला, पण मला त्यांनी सोडलं नाही. माझ्याकडून घटनेचा कागद लिहून घेतला, सगळं खरं खरं. मग पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करनं जाड अक्षरात लिहिलं: चुना पोचतोय का? ती पट्टी पंपावर चिकटवली आणि म्हणाल्या, "सिरिंज बदलली की हे मोठ्यानं वाचायचं, आणि नळाला हात लावूनच पुढं जायचं. पेशंट ऐकेल एवढ्या मोठ्यानं."

तेव्हापासून मी सिरिंज बदलली की मोठ्यानं विचारायची, "चुना पोचतोय का?" आणि खाटेवरून उत्तर यायचं, "पोचतोय!" इन्चार्ज सिस्टरना हा तमाशा पटला नव्हता. पण चौथ्या वेळी, मी जेवायला गेले असताना, त्या स्वतः सिरिंज बदलताना तेच ओरडत होत्या, असं मला आजोबांनी सांगितलं.

तो फिल्टर बहात्तर तास चालला. कंपनीनं जेवढं आयुष्य दिलेलं तेवढं पुरं जगला आणि काड्या लाल असतानाच आम्ही तो उतरवला, आतलं रक्त आजोबांना परत देऊन. मॅडमनी तो उजेडासमोर धरून बघितला, मग माझ्या हातात दिला. कुणी मेडल दिलं असतं तरी मी इतक्या अलगद धरलं नसतं.

पुढचा फिल्टर अर्ध्यावर असताना आजोबांचं ब्लडप्रेशर औषधाशिवाय राहायला लागलं. मशीन सुटलं. मग खाली साध्या डायलिसिसला तीन-चार वेळा जाऊन आले. आणि एका सकाळी लघवीच्या पिशवीत तळाशी पिवळं काहीतरी दिसलं. मी वाकून बघितलं, इन्चार्ज सिस्टर वाकून बघितल्या, शिकाऊ डॉक्टर वाकून बघायला लागला. चाळीस मिली. आजोबांनी आमची ती तीन डोकी बघितली आणि अवघडून म्हणाले, "एवढं काय बघताय? जगात समद्यानला व्हते."

त्या दिवशी भेटायच्या वेळी मी आजीला सांगितलं तर तिनं पदर तोंडाला लावला, दोन पावलं मागं सरकली आणि भिंतीला टेकली. इतके दिवस मी तिला एकदाही टेकलेलं बघितलं नव्हतं.

दोन महिन्यांनी आजोबा तपासणीला आले, स्वतःच्या पायांनी, जिना चढून. लिफ्ट नको म्हणाले. आयसीयूत त्यांना कसं सोडणार? मी बाहेर आले, ते दाराच्या काचेतून आत बघत होते. चार नंबरवर दुसरा कुणीतरी होता. मशीन चालू होतं.

"तेच व्हय?" त्यांनी विचारलं.

"तेच."

"लई बारीक दिसतंय की गं. मला त्या खाटेवरनं डोंगराएवढं वाटायचं." मग बराच वेळ त्या माणसाकडं बघितलं. "कुठला हाय त्यो?"

"कन्नडकडचा."

"बोलतो का?"

"नाही, अजून नाही."

"बोलंल," आजोबा म्हणाले. आजी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. गाडी निघंल म्हणून तिनं दोनदा हाक मारली. आजोबांनी काचेवरचा हात काढला, डोक्यावरचा पटका नीट केला आणि कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागले.